चौतीस मीटरवरची भट्टी

पत्रा वाजायला लागून अकरा दिवस झाले होते. वारा सुटला की खांबांवरच्या त्या लांबलचक पन्हळीच्या कडेला पत्रा आपटायचा, खड खड खड, थांबायचा, आणि माणूस जरा विसरला की पुन्हा सुरू. लोहाराच्या बायकोला त्याचं काही वाटत नव्हतं, तिच्या कानाशी दिवसभर घण वाजायचा. पण लोहाराचं डोकं फिरलं होतं. जेवताना घास हातात धरून तो ऐकत बसायचा.

“एक बोल्ट नाहीये तिथं,” तो म्हणाला. “चाराच्या जागी तीन आहेत. आवाजावरून कळतं.”

“नसेल,” बायको म्हणाली. “तुमच्या घराचं छप्पर आहे का ते? जेवा आधी.”

पन्हळ हे गावाने ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती चुंबकी वेगगाडीची मार्गिका होती. चाकं नसलेली गाडी, चुंबकाच्या जोरावर बोटभर वर तरंगणार आणि पापणी लवायच्या आत गाव ओलांडून जाणार, असं सांगून सहा वर्षांपूर्वी खांब रोवले. खांब रोवले ते रोवले, गाडीचा पत्ता नाही. चाकं नाहीत तेव्हा ही आमची गाडीच नव्हे, म्हणून रेल्वेखात्याने हात झटकले. जमिनीला टेकत नाही तर आमचा काय संबंध, असं रस्तेखातं म्हणालं. विमानखात्याला विचारलं तर तिथले लोक म्हणे हसले. मग एक आयोग नेमला. आयोगाने कायद्याचा मसुदा केला, मसुदा सभागृहात गेला, तेवढ्यात सरकार पडलं. नव्या सरकारने मसुदा परत मागवला, कारण तो जुन्यांनी केला होता. असं सहा वर्षं भिजत घोंगडं.

गाडी नव्हती, कायदा नव्हता; नियम मात्र आला. तात्पुरता नियम. पन्हळीच्या दोन्ही अंगांना चाळीस मीटरच्या आत सुटं लोखंड ठेवायचं नाही. चुंबकात अजून वीजसुद्धा सोडली नव्हती, पण नियम लागू.

लोहाराची भट्टी होती चौतीस मीटरवर. त्याच्या आज्याने घातलेली, पन्हळीच्या कितीतरी आधीची. पण हे ऐकून घेणारा माणूस मापायला आलेल्यांत नव्हता. तीनदा मापून गेले. पहिल्याने खांबापासून फीत धरली तेव्हा चौतीस भरले, दुसऱ्याने पन्हळीच्या कडेपासून धरली तेव्हा एकतीस. तिसरा साहेब चांगल्या कपड्यातला होता. त्याने बसायच्या आधी स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं, आणि उठताना ते घडी करून बरोबर नेलं. त्याने लोहाराला सांगितलं, “सुटं लोखंड म्हणजे तुझं सगळं दुकानच की रे.” बापाएवढ्या माणसाला अरेतुरे. महिनाअखेर भट्टी उठवा, नाहीतर सवलतीचा अर्ज करा, असा कागद त्याने दिला. अर्ज केला. ज्या टेबलावर तो गेला तिथं बसणारा माणूसच अजून नेमलेला नव्हता.

आणि दिवस कापणीच्या तोंडावरचे. विळ्यांचा ढीग पडलेला. वर्षातले हेच सहा-सात आठवडे लोहाराचे. उरलेलं वर्ष फुटकळ कामाचं. सकाळी उजाडलं की लोहाराचा म्हातारा बाप, आबा, भट्टीच्या पंख्याचं हँडल फिरवायला बसायचा. त्याच्या एका डोळ्यात तरुणपणीच ठिणगी गेली होती आणि दुसऱ्यात आता मोतीबिंदू वाढला होता. दिसत नसलं तरी निखारा किती लाल झाला ते त्याला गालाला लागणाऱ्या धगीवरून समजायचं. लोहार सांडशीत लोखंड धरायचा आणि बायको घण घालायची. बावीस वर्षं ती घण घालत होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली गेला होता. झंपर शिवताना शिंपी दर वेळी विचारायचा आणि दर वेळी ती त्याला म्हणायची, “खांद्याचं माप घे, चौकशी नको करू.”

त्यांच्या भट्टीचा एक रिवाज होता. खूण केल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर जायची नाही. तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ. पोलादी ठसा होता, आज्याच्या वेळचा. वस्तू गरम असताना लोहार ठसा धरायचा आणि बायको घणाचा एकच ठोका द्यायची, बेताचा. दोन ठोके पडले तर ठिपके दुहेरी उठतात आणि आबा वस्तू पुन्हा भट्टीत घालायला लावायचा. खुणेची वस्तू मोडली तर केव्हाही आणा, फुकट सांधून मिळणार. गावात आणि आजूबाजूला असं घर नव्हतं ज्यात तीन ठिपके नव्हते.

बाराव्या दिवशी दुपारी मुलगा जेवायला आला. मुलगा वीस वर्षांचा, भट्टीवर बसायला तयार नव्हता. पन्हळीच्या ठेकेदाराकडे राखणदार होता. निळी वर्दी, काळा पट्टा. आई त्याला “आले वर्दीवाले” म्हणायची.

“सांगितलंस का रे वरती?” लोहाराने विचारलं.

“तीनदा वहीत लिहिलंय, बाबा. हेल्मेट म्हणतो, दुरुस्तीची माणसं वेगळ्या ठेक्यातली आहेत, त्या ठेक्याची मुदत संपली, नवीन ठेका निघायचाय.”

हेल्मेट म्हणजे ठेकेदाराचा इंजिनियर. पिवळं हेल्मेट तो चहा पितानासुद्धा काढत नसे.

“एका बोल्टासाठी ठेका?”

“तिथं हात लावायलासुद्धा ठेका लागतो.”

लोहार उठला. हात धुऊन भट्टीवर गेला. जुन्या आसाचा तुकडा काढला आणि बायकोला हाक मारली. “ये जरा. लहान काम आहे.”

तिला कळलं. “नसता उद्योग,” ती म्हणाली, पण आली. तुकडा लाल झाला, डोकं घडवलं, दांडी ओढली, थंड करून आटे पाडले. भोकाचं माप त्याने खालून बघूनच डोळ्यांत घेतलं होतं. डोकं पुन्हा तापवून त्याने ठसा धरला.

“याला कशाला खूण?” बायको म्हणाली.

“उंबऱ्याबाहेर जाणार ना?”

तिने ठोका दिला. आबाने हात पुढे केला, निवलेल्या बोल्टाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

भट्टीजवळच्या उंचवट्यावर पन्हळ खाली येते, तिथं शिडी पुरते. भर दुपारी, कामावरची माणसं जेवायला गेली असताना, मुलाने शिडी धरली आणि बाप वर चढला. भोक रिकामंच होतं. बोल्ट बसला, पान्याने आवळला, पत्र्यावर थाप मारून बघितलं. आवाज बंद. खाली उतरताना मुलगा म्हणाला, “बाबा, इथं लोखंड चालत नाही म्हणतात.”

“सुटं चालत नाही,” लोहार म्हणाला. “मी आवळून बसवलंय.”

चुंबकाच्या गाडीला चुंबक न धरणाऱ्या धातूचेच बोल्ट लागतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी बोल्टच बसवायचा नाही हे त्याच्या डोक्यात शिरलं नसतं. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

नऊ दिवसांनी मंत्री येणार होते. कायदा नसला तरी चाचणी घ्यायला आयोगाने एक दिवसाची परवानगी दिली होती; निवडणूक जवळ आली होती आणि मंत्र्यांना गाडी हललेली दाखवायची होती. भाऊसाहेबांनी मंडप घातला. भाऊसाहेब गावचे पुढारी, सरकार पक्षाचे. पन्हळ गावात आणली ती मीच, असं ते सहा वर्षं सांगत होते. खुर्च्या ठेवायला जागा पुरेना म्हणून कामगारांनी त्या भट्टीच्या दारात रचल्या. दोन दिवस गिऱ्हाइकांना खुर्च्यांवरून चढून यावं लागलं.

सकाळी आयोगाची माणसं तपासणीची ढकलगाडी घेऊन पन्हळीतून निघाली. उंचवट्यापाशी ती गाडी किंचाळायला लागली. मागे नेली, पुढे आणली, पुन्हा किंचाळली. अर्ध्या तासात चाचणी रद्द. मंत्र्यांची मोटार वेशीवरूनच परत फिरली. मार्गिकेत परकं लोखंड सापडलं, असं आयोगाने जाहीर केलं, आणि जाहीर करणाऱ्याच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. आयोगाला गाडीची कायमची परवानगी द्यायचीच नव्हती, फक्त नाही म्हणायला निमित्त मिळत नव्हतं.

बोल्ट काढला. पिशवीत घालून सील केला. त्या दुपारी वारा सुटल्याबरोबर पत्रा पुन्हा वाजायला लागला.

गाडीबरोबर गावाला स्थानकही मिळेल अशी ज्यांना आशा होती ते भट्टीसमोरून जाताना थुंकायला लागले. खूण कुणाची हे सांगायला आयोग लागत नव्हता. ज्याने पन्हळीजवळची जमीन दुप्पट भावाने विकायची म्हणून तीन वर्षं धरून ठेवली होती, तो तर दारात उभा राहून आईवरून बोलला. लोहार उठायला लागला तेव्हा बायकोने घणाचा दांडा त्याच्यापुढे आडवा धरला. “बसा,” ती म्हणाली. “विळा जळतोय.”

पहिले आले मास्तर. मास्तर निवृत्त झालेले, विरोधी पक्षाचे, पन्हळीविरुद्ध मोर्चे काढणारे. त्यांनी हार आणला होता.

“शाब्बास!” ते म्हणाले. “एका बोल्टाने सरकार थांबवलंस. आता सुनावणीत छाती काढून सांग, मी निषेध म्हणून केलं. गाव तुझ्या मागे आहे.”

“निषेध नव्हता, मास्तर. पत्रा वाजत होता.”

“ते आपल्यातच ठेव.”

“बोल्ट नव्हता म्हणून बसवला.”

मास्तरांचा चेहरा उतरला. थोडा वेळ ते हार हातात धरून उभे राहिले, मग हार परत पिशवीत घातला. “तुझ्यासारख्या माणसांमुळेच चळवळी बुडतात,” असं म्हणून गेले.

भाऊसाहेब आले ते दुसऱ्या दिवशी, हेल्मेटला घेऊन. बसले नाहीत.

“तू जर म्हणालास की बोल्ट नव्हता म्हणून बसवला,” भाऊसाहेब हळू आवाजात बोलले, “तर ठेकेदाराने बोल्ट बसवलाच नव्हता असं होतं. मग सगळ्या पन्हळीचे बोल्ट मोजणार. चार वर्षं जातील. आणि तू जर म्हणालास की मुद्दाम केलं, तर तू तुरुंगात. शिडी कुणी धरली होती, तेही निघेल.”

“मग काय म्हणू?”

“खूण माझी नाही म्हण. बस. कुणीतरी अज्ञाताने घातपात केला. ठेकेदार मोकळा, तू मोकळा, पोरगा मोकळा. आणि तुझ्या सवलतीचा कागद चार दिवसांत तुझ्या हातात. भट्टी इथंच राहील. शब्द देतो.”

“मुलाने तीनदा वहीत लिहिलंय.”

“कुठली वही?” हेल्मेट म्हणाला.

ते गेल्यावर लोहार सांडशी उघडझाप करत बसला. आबा पंख्यापाशी नव्हता, पाठ दुखते म्हणून घरात पडला होता. बायको समोर येऊन उभी राहिली.

“म्हणून टाका,” ती म्हणाली.

“काय?”

“खूण आपली नाही म्हणून. एक वाक्य आहे. गावात सगळ्यांना माहीतच आहे कुणाची ते. त्या कागदवाल्यांना नसली कळली म्हणून काय बिघडतंय? भट्टी राहतेय, पोरगा राहतोय.”

“आबांना काय सांगू?”

“आबांना कशाला सांगायला जाताय? त्यांचं काय राहिलंय आता.” मग तिचा आवाज चढला. “बावीस वर्षं मी इथं हाडं झिजवलीत. आवाज ऐकवेना म्हणून तुम्ही चढलात शिडीवर, मी नव्हते चढले. आता भट्टी घालवून दाखवा मला, म्हणजे झालं!”

त्याने सांडशी खाली ठेवली. ती रडत नव्हती. तिला राग आला होता. आणि राग आला की तिचा खाली गेलेला खांदा आणखी खाली जायचा.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. टेबलामागे आयोगाची बाई, चष्मा, समोर पाण्याची बाटली. लोहाराला आधी दोन तास बाहेर उन्हात उभं केलं. मग शिपायाने हात धुऊन यायला सांगितलं. हात धुतलेलेच होते. ते मळाने काळे नव्हते, ते तसेच होते. शिपायाने पुन्हा धुवायला लावले. बायको मागच्या बाजूला जमिनीवर बसली.

सील फोडून बोल्ट त्याच्या हातात दिला.

“या वस्तूवरची खूण तुमची आहे का?” बाईंनी विचारलं.

त्याने बोल्ट फिरवून बघितला. तीन ठिपके, रेघ. एकेरी, स्वच्छ.

“नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही ती ओळखता?”

“नाही.”

हेल्मेट उठला. त्याने कागदावरून वाचलं, की सदर बोल्ट अडाणी हाताचा आहे, आट्यांना माप नाही, भंगारातलं लोखंड आहे आणि असल्या कामामुळेच पत्रा सैल झाला. सैल! बायकोने मान वर केली. बोल्ट बसला होता ते नऊच दिवस पत्रा गप्प होता, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं.

बाईंनी लिहून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं. “तुम्ही या धंद्यातले जाणकार आहात. तुमच्या मते हे काम कसं आहे? चांगलं म्हणाल?”

हे ठरलेलं नव्हतं. लोहाराने भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब छताकडे बघत होते.

“नाही,” लोहार म्हणाला. “वाईट आहे.”

दोघं घराकडे निघाले. तो पुढे, ती मागे. तिने एकदा “पाणी प्याल का?” विचारलं आणि त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

भाऊसाहेबांनी शब्द पाळला, हे मान्य करायला पाहिजे. चौथ्या दिवशी कागद आला. निळा शिक्का, दोन सह्या. सवलत, पुढील आदेशापर्यंत. बायकोने तो भट्टीच्या खांबाला खिळ्यावर लावला आणि घण उचलला. कापणी सुरू झाली होती, काम संपत नव्हतं. लोहार काम करायचा, पण वस्तू झाली की ठसा हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं विसरला. दुसऱ्या दिवशी सहा विळे बिनखुणेचे गेले, तेव्हा आबाने विचारलं, “ठोका ऐकू आला नाही.”

“ठसा झिजलाय, आबा,” ती म्हणाली. “नवा करायचाय.”

त्यानंतरच्या आठवड्यात ट्रक आला.

आयोगाने निकाल दिला होता. निकालात लिहिलं होतं, की सदर खूण स्थानिक लोहाराची नाही, सबब ती अज्ञात घातपात्याची आहे, सबब ती खूण असलेली प्रत्येक लोखंडी वस्तू पुरावा आहे, सबब जप्त करण्यात यावी. फौजदार खुणेचा मोठा फोटो घेऊन आला होता. बरोबर दोन शिपाई. घराघरात शिरून फोटो धरायचा, वस्तू उलटून बघायची, ट्रकमध्ये टाकायची. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी. एका घरातून बिजागऱ्या काढल्या, दार भिंतीला टेकून ठेवलं. विहिरीच्या रहाटाचा आस काढला. शेतात उभ्या असलेल्या बायकांच्या हातातले विळे काढून घेतले, अर्धी पात कापलेली, अर्धी उभी.

ट्रक शेवटी भट्टीपाशी थांबला. मागे गाव चालत आलं होतं, रिकाम्या हातांनी. स्थानकवालेही होते आणि मोर्चेवालेही. कुणी शिव्या देत नव्हतं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“धार लावायला आलेल्यांत एकोणीस आहेत खुणेचे,” शिपाई आतून ओरडला.

“तुमच्याही दुकानात?” फौजदार लोहाराला म्हणाला. त्याला सगळं समजत होतं. तो नुसता तोंडाकडे बघत होता. “गिऱ्हाइकांचे असतील.”

“गिऱ्हाइकांचे,” लोहार म्हणाला.

गर्दीतून एक विधवा पुढे आली. तिचं शेत पन्हळीच्या पलीकडे होतं, दोन मुली हाताशी. “पीक उभं आहे,” ती लोहाराला म्हणाली, फौजदाराला नाही. “आता दातांनी कापू का? तूच सांग.”

शिपायाने एकोणीस विळे ट्रकमध्ये फेकले. त्या खणखणाटाने आबा दारात आला. भिंत धरत, पाय चाचपत, सरळ ट्रकच्या फळीपाशी गेला आणि वर हात घातला. कुणी अडवलं नाही. हाताला लागला तो विळा त्याने ओढून काढला. मुठीजवळ अंगठा फिरवला.

“हा माझा,” तो म्हणाला. “सून आली त्या सालातला. रेघ जरा तिरपी उठलीय, पहिल्यांदाच घण धरला होता तिने.” त्याने दुसरा काढला. “हा माझ्या बापाचा. पातं अर्धं झिजलंय, पण आहे.” मग तोंड आवाजाच्या दिशेला वळवून विचारलं, “हे कुठं चाललंय सगळं? भंगारात?”

“आजोबा, बाजूला व्हा,” फौजदार म्हणाला. “ही खूण घातपात्याची आहे. तुमच्या मुलानेच सांगितलंय, आमची नाही म्हणून.”

आबाला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने विळा दुसऱ्या हातात घेतला.

“काय सांगितलंस तू?” त्याने विचारलं.

लोहार ऐरणीपाशी उभा होता. बापाला दिसत नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली. गाव बघत होतं. पन्हळीवर पत्रा वाजत होता.

“अरे, मी विचारतोय. काय सांगितलंस?”

“मी सांगायला लावलं,” बायको म्हणाली.

तिने घण खाली ठेवला आणि पुढे आली. चेहऱ्यावरचा घाम काळ्या हाताने पुसला, तो आणखी काळा झाला. “आबा, मी सांगायला लावलं. भट्टी राहावी म्हणून. लिहून घ्या, फौजदारसाहेब. खूण आमची आहे. ठसा ते धरतात, ठोका मी देते. या ट्रकातल्या निम्म्या ठिपक्यांवर माझा ठोका आहे. त्या बोल्टावरसुद्धा माझाच.”

“बाई, नीट विचार करा,” फौजदार म्हणाला. त्याच्या आवाजात आता वैताग होता. नवा जबाब म्हणजे सगळे कागद पुन्हा. “सवलत रद्द होईल. आठ दिवसांत भट्टी उठवावी लागेल.”

“ते मला वाचता येतं.”

ती खांबापाशी गेली, खिळ्यावरचा कागद ओढला. कोपरा खिळ्यातच राहिला. उरलेला तिने फौजदाराच्या हातात दिला.

लोहार तेव्हा बोलला. “भोक रिकामं होतं,” तो म्हणाला. “हेही लिहा. चारातले तीनच होते. आणि आट्यांना माप होतं. काम चांगलं होतं ते.” शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

मुलगा गर्दीत होता, वर्दीत. “शिडी मी धरली होती,” तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण ऐकू गेलं. गर्दीच्या कडेला उभा असलेला हेल्मेट मागच्या मागे मोटारीत जाऊन बसला.

फौजदार जबाब लिहीत असताना विधवा ट्रकपाशी गेली आणि तिने आपला विळा शोधून काढला. मग दुसरी बाई गेली. शिपायांनी फौजदाराकडे बघितलं, फौजदाराने वहीतून मान वर केली नाही. अर्ध्या तासात ट्रक रिकामा झाला. जाताना लोहाराशी कुणी बोललं नाही. आबा फळीपाशी उभा होता. जो तो विळा त्याच्या अंगठ्याखाली धरायचा, आबा साल सांगायचा आणि मगच माणूस घराकडे वळायचा.

आठव्या दिवशी भट्टी उठली. मुलाची वर्दी परत गेली होती, त्यामुळे ऐरण उचलायला तोही होता. चार माणसं लागली. भिंत पाडायला माणसं ठेकेदाराने फुकट पाठवली, तेवढी मदत त्याने केली. मार्गिकेची चाचणी पुढे ढकलली होती. कायद्याच्या मसुद्यात गाडीला गाडी म्हणायचं की वाहन, यावर उपसमिती बसली होती. बोल्ट मोजायचं काही कुणी काढलं नाही.

चाळीस मीटरच्या पुढे लोहाराची जमीन नव्हती. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या अलीकडे, एक्केचाळीस मीटरवर त्यांनी ऐरण रोवली. फीत मुलाने धरली. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, धूळ सरळ निखाऱ्यावर येत होती. पहिल्याच दिवशी रस्तेखात्याचा माणूस सायकलवरून आला आणि ही जागा आमची आहे असं सांगून गेला. कागद मागून येईल म्हणाला.

आबा उघड्यावर बसून हँडल फिरवत होता. विधवेच्या धाकट्या मुलीसाठी लहान विळा करायचा होता. पातं ओढून झालं, लोहाराने ते पुन्हा तापवलं आणि खिशातून ठसा काढून धरला. बायकोने घण उचलला. एकच ठोका. आबाने मान हलवली.

वारा वाढला. समोर पन्हळीवर पत्रा सुटला होता. आता दुसराही बोल्ट गळाला असावा, कारण आवाज आधीपेक्षा मोठा होता. खड खड खड खड. लोहाराचा हात थांबला. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. बोटं आपोआप पुढ्यातल्या आसाच्या तुकड्याकडे गेली होती.

बायकोने ते बघितलं. घण पुन्हा खांद्यावर घेत ती म्हणाली, “अहो.”

त्याने हात मागे घेतला.

“वाजू दे,” तो म्हणाला आणि पुढचं लोखंड भट्टीत घातलं.